बारा हजार नंबरची चकाकी

आमच्या घरामागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, लेथ मशीन आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, वर पेढाही ठेवला. तिथंच फसले. मशीनचा असा मानपान केला की नवऱ्याला वाटतं, बायकोची संमती मिळाली.

नवरा वरठीच्या पोलाद कारखान्यात टर्नर होता. सगळी नोकरी लोखंड कातण्यात गेली. घरी आला की शर्टाच्या खिशातून, मोज्यांतून, एकदा तर भाताच्या ताटातून लोखंडाचा कीस निघाला. मला वाटलं होतं, निवृत्त झाल्यावर तरी हे थांबेल. निवृत्त झालेली इतर माणसं देवळात जातात, शेतावर जातात, निदान चौकात बसून सरकारला शिव्या देतात. आमच्या माणसाने छोटी लेथ घेतली आणि लाकडाचे पेन करायला सुरुवात केली. आता भातात लाकडाचा भुसा निघतो. फरक एवढाच की तो गिळता येतो.

पेन चांगले होतात, हे नाकारून चालणार नाही. सागाचे, बिजाच्या झाडाचे, तेंदूच्या काळ्याभोर गाभ्याचे. आत पितळेची नळी, वर लाकडाचं कवच. ज्याला देतो तो "वा!" म्हणतो, खिशाला लावतो, घरी जातो आणि काचेच्या शोकेसमध्ये ठेवून देतो, लग्नात मिळालेल्या ताजमहालाच्या शेजारी. नवऱ्याच्या पेनाने कुणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याचं म्हणणं असं की पेन लेथवर होतच नाही, पेन होतो पालीशमध्ये. लिहिणं ही नंतरची, किरकोळ गोष्ट.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण एक पेन माझ्या बाबांसाठी होता.

बाबा कोंढ्याला राहतात, माझ्या भावाकडे. धान पिकवणारा माणूस, शाळा जेमतेम. पण अक्षर असं की मास्तर लोक बघत राहत. गावात कुणाच्याही घरी लग्न ठरलं की पत्रिकांचा गठ्ठा आमच्या ओसरीवर येऊन पडायचा. बाबा हातपाय धुऊन, चटई टाकून बसायचे आणि एकेका पत्रिकेवर पाहुण्याचं नाव लिहायचे. आमच्या भागात पत्रिकेवरचं नाव हाताने लिहिलेलंच लागतं. मोबाइलवर आलेली पत्रिका तर कुणी बोलावणं म्हणून धरतच नाही. असा पाहुणा लग्नाला येतो, पोटभर जेवतो, पुन्हा वाढून घेतो, आणि पुढची कित्येक वर्षं सांगत फिरतो की आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, बाबांना लकवा मारला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात तेवढा मागे राहिला. बोटं मिटतात, पण धरलेली वस्तू सुटली तर त्यांना कळत नाही. चमचा पडतो, काठी पडते. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा. आणि दिवाळी झाल्यावर माझ्या भाचीचं लग्न ठरलं. बाबांची एकुलती एक नात. घरात मुहूर्ताची, मांडवाची, कपड्यांची बोलणी चालली होती. बाबा कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "पत्रिकेवर नावं मी लिवीन."

बाबांनी आयुष्यात कशासाठी हट्ट धरलेला मला आठवत नाही. गावभरच्या लेकींच्या पत्रिका त्यांनी लिहिल्या होत्या, आणि आता स्वतःच्या नातीची पाळी आली तर हात गेला होता. दुसऱ्या दिवसापासून ते सुपात तांदूळ पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवायला लागले. क, मग सूप हलवायचं, मग ख. वहिनीला भाताला तांदूळ हवे असले तर ती बाराखडी संपायची वाट बघत उभी राहायची.

भावाने साधा बॉलपेन आणून दिला. तो बोटांतून निसटायचा. चिंधी गुंडाळून दिला, तर चिंधीसकट निसटायचा. तेव्हा माझा नवरा पुढे सरसावला. "बाबा, तुमच्यासाठी मी पेन बनवतो. जाडा. तुमच्या मुठीच्या मापाचा."

खरं सांगते, त्या घटकेला मला त्याचा अभिमान वाटला. इतक्या लोकांत ही गोष्ट त्यालाच सुचली होती. त्याने लगेच खिशातून व्हर्नियर काढला आणि बाबांच्या मुठीचं माप घेतलं. सासऱ्याच्या हाताला लोक अंगठी घालतात, घड्याळ बांधतात. व्हर्नियर लावणारा जावई अख्ख्या पवनी तालुक्यात हा एकच.

वरठीला परत आल्याबरोबर त्याने बिजाचं लाकूड निवडलं, लेथवर चढवलं, आणि थोडक्या वेळात पेन उभा केला. वरून दोनशेवीस नंबरचा पालीश कागद फिरवला. मी हातात घेऊन पाहिला. जाड, हलका, आणि अंगाला बारीकशी खरखर, मांजराच्या जिभेसारखी. बोटांत बसला की हलेचना.

"झाला की जी," मी म्हटलं. "उद्या कोंढ्याले नेऊन देऊ."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कच्चं पीठ ताटात वाढायला सांगितलंय. "तुले काई समजत नाई व. आत्ता कुठं पालीशची सुरुवात होऊन राहिली."

आता इथं पालीश कागदाचं शास्त्र सांगणं भाग आहे. मला तर ते जेवताना, झोपताना आणि रेल्वे फाटक बंद असताना मोटरसायकलच्या मागच्या सीटवरही ऐकावं लागलंय. या कागदाला नंबर असतो. नंबर लहान, तर कागद खरबरीत. नंबर मोठा, तर गुळगुळीत. म्हणजे सरकारी खात्यासारखंच: हुद्दा जितका मोठा, तितकं घासणं कमी. सगळ्यात खाली ऐंशी नंबर. तो सुताराचा, दारं-चौकटी घासायचा. माझा नवरा ऐंशी नंबरचं नाव अशा सुरात घेतो, जसं काही लोक आपल्या गरीब मावसभावाचं घेतात.

कागद निवडायला आम्ही भंडाऱ्याच्या हार्डवेअर दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "दरवाजाले पाहिजे का भिंतीले?"

"पेनाले," नवरा म्हणाला.

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जेवढी दया होती तेवढी माझ्या सख्ख्या बहिणीनेही कधी दाखवली नाही. मग नवऱ्याने एकेक कागद उचलून गालावर फिरवायला सुरुवात केली. बोटांची कातडी कारखान्यात मेली आहे, गालालाच खरं कळतं, असं त्याचं म्हणणं. चारशेचा फिरवला, सहाशेचा फिरवला, हजाराचा फिरवला. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. एक जण नळाची तोटी धरून उभा होता, त्याच्या घरी पाणी वाहत होतं.

"भाऊ," दुकानदार शेवटी म्हणाला, "दाढी करून राहिले का?"

एवढं करून पसंत काहीच पडलं नाही. एका कागदाची पाठ कडक होती, दुसऱ्याची पाठ कापडी होती पण दाणा सारखा नव्हता. हे त्याने खिशातल्या भिंगातून पाहिलं. मग आम्ही गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. तिथं दोन हजार नंबरचा पाण्यात भिजवायचा कागद मिळाला आणि डबाभर रबिंग कंपाउंड. गाड्यांचे बोनट चमकवायला जे लावतात ते. पेनवाला तिथला पहिलाच असावा, कारण त्या माणसाने विचारलं, "गाडी कोणती होय?"

दोन हजारावर गोष्ट संपेल असं मला वाटलं. पण नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पेन करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. देशभरचे निवृत्त लोक, ज्यांच्या बायकांनी त्यांना घराबाहेर काढलेलं नाही इतकीच त्यांची पुण्याई. त्या ग्रुपात कुणीतरी सांगितलं की दोन हजार म्हणजे काहीच नाही, खरी चकाकी बारा हजारावर येते, आणि त्यासाठी कागद नव्हे, गाद्या लागतात. त्या परदेशातून मागवाव्या लागतात. मागवल्या. पार्सलची वाट बघण्यात बरेच दिवस गेले, आणि तेवढे दिवस पेन एका मऊ फडक्यात झोपून राहिला.

या गाद्या म्हणजे तळहाताएवढे मऊ चौकोन, प्रत्येक नंबरचा रंग वेगळा. त्या ओल्या वापरायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. धुण्यासाठी त्याने माझं वरणाचं भांडं घेतलं आणि वाळवायला माझी कपड्यांची दोरी. हिरवे, गुलाबी, निळे इवलेसे तुकडे चिमट्यांना लटकलेले बघून शेजारीण कुंपणापाशी आली. "का व, कोणाच्या घरी बारसं आहे का?"

"आमच्याच," मी म्हटलं. "पेनाचं."

इकडे कोंढ्याहून फोन यायचे. बाबांनी पेनाबद्दल एकदाही विचारलं नाही. ते विचारायचे, "जवाईबापू बरे आहेत ना?" मी म्हणायची, बरे आहेत. मग थोडा वेळ फोनवर नुसता सुपातल्या तांदळाचा आवाज. मग म्हणायचे, "त्याहिले घाई नोको करू बाई. चांगल्या कामाले वेळ लागते." जावयाला घाई करू नये म्हणून हा माणूस तांदळात अक्षरं गिरवत बसला होता.

"बाबा वाट पाहून राहिले," मी नवऱ्याला सुनवायची. "पत्रिका छापून आल्या. पेन देऊन टाका आता."

"आन अर्धवट देऊ? लोक काय म्हणतील? जवाई टर्नर, आन पेन खरबरीत?"

हे लोक कोण, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक त्या मोबाइलातलेच. त्यांची एक कसोटी होती. पेन ट्यूबलाइटखाली धरायचा, आणि त्यात ट्यूबलाइट अख्खी दिसली पाहिजे, दोन्ही टोकांसकट. टोकं पुसट दिसली तर पालीश कच्चं. रोज संध्याकाळी नवरा पेनात ट्यूबलाइट बघायचा आणि मलाही बोलवायचा. मी बघायची. एरवी मला ट्यूबलाइट बघायची असली तर मी वर बघते.

एकदा अख्खी ट्यूबलाइट दिसली. मी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने फोटो काढून ग्रुपात टाकला. लगेच कुणीतरी तो मोठा करून पाहिला आणि लिहिलं की टोपणाजवळ केसाएवढा ओरखडा आहे. नवऱ्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारशेपासून सुरुवात. कुठल्या तरी शहरातल्या माणसाच्या डोळ्याला खुपलं म्हणून कोंढ्याचा माणूस आणखी थांबला.

मग वरून काय लावायचं याचा घोळ. आपल्याकडच्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावायचा, की मधमाशीचं मेण, की सुपरग्लूचे पातळ थर? त्याने तिन्ही आणले आणि लाकडाच्या तुकड्यांवर लावून माझ्या ओट्यावर वाळत घातले. घरात दवाखान्यासारखा वास. सुपरग्लूत एक चमचा ओट्याला चिकटला तो कायमचा. पाहुणे विचारतात, मी सांगते, आमच्याकडची पद्धत आहे. सगळ्या परीक्षा होऊन सुपरग्लू पास झाला, कारण त्यात म्हणे लाकडावर काच चढते. लकवा मारलेल्या हातात द्यायच्या वस्तूवर काच चढवायची, हे ऐकूनही मला वाटलं, शिकलेला टर्नर आहे, त्याचं त्याला कळत असेल.

शेवटचा हात कापडाने फिरवायचा होता. माझ्या शिवणाच्या टोपलीत चिंध्यांचा ढीग असतो, मी घरी ब्लाउज शिवते. सुती घे, टेरिकॉट घे, फ्लॅनेल घे. पण सुती कापडाने बारा हजारावर ओरखडे येतात. एके दुपारी मी कपाट उघडलं तर माझी कोशाची रेशमी साडी घडीसकट जागा बदलून बसलेली. मोहाडीकडच्या विणकराकडून हौसेनं घेतलेली, भाचीच्या लग्नात नेसायची म्हणून जपून ठेवलेली. उलगडली तर आतल्या टोकाचा, तळहाताएवढा चौकोन गायब.

"खोचायच्या बाजूचा कापला," तो म्हणाला. "कोनाले दिसत नाई."

मी किती ओरडले ते शेजारणीला विचारा, तिला तोंडपाठ आहे. मग मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पण अबोल्याचा उपयोग समोरच्याच्या लक्षात आला तरच. तो सपरीत बसून माझ्या साडीच्या तुकड्याने पेन पुसत होता आणि समाधानाने गुणगुणत होता.

शेवटी भावाचा फोन आला. आता थांबता येणार नाही, जवळच्या लोकांना तरी पत्रिका जायला हव्यात. नवऱ्याने पेन मखमलीच्या डबीत ठेवला आणि आम्ही मोटरसायकलवर निघालो. वाटेत मोहाची झाडं फुलांना आली होती, बायका पहाटेच वेचून गेल्या होत्या. तो खड्ड्यात गाडी सावकाश घालत होता. माझ्यासाठी नव्हे, डबीसाठी.

कोंढ्याचं घर लग्नघर झालं होतं. भिंतींना रंग लागत होता, दारांच्या चौकटी घासून ठेवल्या होत्या, खिडकीत रंगाचे डबे, ब्रश आणि सुताराचा कागद पडलेला. बाबा धुतलेलं धोतर नेसून, चष्मा लावून, ओसरीवर चटईवर बसले होते. समोर पाट, पाटावर पत्रिका, कोपऱ्यांना हळद लावलेल्या. सकाळपासून तसेच बसले होते, असं वहिनी म्हणाली.

नवऱ्याने डबी उघडली. घरातले सगळे भोवती जमले. बाबांनी पेन दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "काय चीज बनवली जवाईबापू!" मग पेन हातोहात फिरला. नवरा वहिनीला खिडकीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "पाहा, यात खिडकीचे गज मोजून घ्या." वहिनीने मोजले. पूर्ण भरले.

मग पेन बाबांकडे परत आला. पहिली पत्रिका गावच्या मातामाय देवीच्या नावाची. बाबांनी ती समोर ओढली, डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं पेनाभोवती एकेक करून मिटली, पेन कागदावर टेकवला, आणि पेन साबणाच्या वडीसारखा सुळकन निसटून पाटाखाली गेला.

"नवा होय ना," बाबा म्हणाले. "हाताले वळख नाई अजून."

पुन्हा धरला. पुन्हा निसटला. या वेळी मातामायच्या पत्रिकेवर निळी रेघ ओढून घरंगळत गेला. वहिनीने ती पत्रिका पटकन गठ्ठ्याखाली सरकवली. तिसऱ्यांदा बाबांनी इतका जोर लावला की पेन उडून माझ्या पायाशी आला. त्याला साधा ओरखडासुद्धा पडला नव्हता, हे नवऱ्याने आधी पाहिलं.

आणि कुणी म्हणजे कुणीच म्हटलं नाही की पेन गुळगुळीत आहे. आमच्याकडे जावयाच्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. जावयाने आणलेला आंबा आंबट निघाला तर दोष खाणाऱ्याच्या जिभेचा. भाऊ छताकडे बघत होता. वहिनीला अचानक चहाची आठवण झाली.

"पेन एक नंबर आहे," बाबा म्हणाले. "माहाच हात कामाचा नाई राह्यला." मग सावकाश हसले. "एवढा भारी पेन लिवाले थोडीच असते? शोकेसमंदी ठेव, सूनबाई. पाहुणे पाहातीन."

"नावं आपण कम्प्युटरवर छापून चिकटवू बाबा," भाऊ लगेच म्हणाला. "आजकाल चालते सगळं."

"चालते," बाबा म्हणाले.

नवऱ्याने पेन वहिनीच्या हाती दिला. तो मान डोलावत होता. शोकेसमध्ये, दर्शनी जागी, सासऱ्याच्या घरी! त्याच्या दृष्टीने पेनाचं सोनं झालं होतं. आणि बाबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला, आणि त्याची बोटं धोतरावर हळूहळू हलायला लागली. क, मग थांबून ख.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, खिडकीतला सुताराचा कागद उचलला, वहिनीच्या हातून पेन घेतला आणि पकडायच्या जागी कचाकचा घासायला लागले. पहिल्या घासणीतच काच पांढरी पडली. तिसऱ्या-चौथ्या घासणीला खालचं बिजाचं लाकूड उघडं पडलं.

"अवो! अवो, काय करून राहिली!" नवरा ओरडला. "बारा हजार नंबर होय तो!"

"होता," मी म्हटलं. "आता ऐंशी होय."

"बाई, जवाईबापूची वस्तू आहे," बाबा घाबरून म्हणाले.

"जवाई तुमचा असन बाबा, नवरा माहा आहे. मी पाहीन त्याहिचं."

मी फुंकर मारून भुसा उडवला, पेन बाबांच्या हातात दिला आणि बोटं मिटली. त्यांनी पेन उचलला. राहिला. त्यांनी हात हवेत थोडा हलवून पाहिला. राहिला. मग त्यांनी नवी पत्रिका ओढली आणि मातामायचं नाव लिहायला सुरुवात केली.

वहिनीचा चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तेव्हा नाव पूर्ण झालं. अक्षरं एक उभं, एक बसलेलं, ओळ उतरणीला लागलेली. पण बाबांची जुनी सवय होती: आधी सगळी अक्षरं लिहायची आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढायची. त्यांनी श्वास धरला आणि रेघ ओढली. ती वाकडी होती, पण मधे तुटली नाही. मला रडू आलं, आणि नवऱ्यावरचा राग गेलेला नव्हता. दोन्ही एकदमच चाललं होतं.

देवानंतरची पत्रिका आमच्या घरी जावयाची. बाबांनी ती पुढे घेतली आणि माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला लागले. अर्ध्यात पेन थोडा घसरला. नवरा कागदाकडे बघतच नव्हता. तो बाबांच्या अंगठ्याकडे बघत होता, वाकून, अगदी जवळून, जसा लेथवरच्या फिरत्या लोखंडाकडे बघायचा. म्हणाला, "बाबा, एक मिनिट द्या बरं."

पेन घेतला, फिरवून पाहिला, माझ्या हातातून तो सुताराचा कागद काढून घेतला आणि अंगठा टेकतो तेवढीच जागा सावकाश घासली. गालाला लावून पाहिली. मग पेन परत दिला. "अंगठ्याखाली चकाकी राह्यली होती," तो म्हणाला. बाबांनी उरलेलं नाव लिहिलं, आणि पेन हलला नाही.

परतीच्या वाटेवर रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा मागे न बघता म्हणाला, "ऐंशी जरा जास्त झाला. दीडशे पुरला असता."

सगळ्या पत्रिका काही बाबांच्याने झाल्या नाहीत. घरातली वडीलधारी आणि जवळची माणसं त्यांनी लिहिली, रोज थोडी थोडी. उरलेल्यांना भावाने छापील चिठ्ठ्या चिकटवल्या. ज्यांना चिठ्ठ्या गेल्या ते सगळे लग्नात तोंड पाडून बसले होते. ज्यांना हाताने लिहिलेली गेली त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं की नावं कोणत्या पोराकडून लिहून घेतली. मी त्याला त्याच्या पानावर जिलबी वाढली नाही. कोशाची साडी मी नेसले. खोचलेल्या बाजूची कापलेली जागा खरंच कुणाला दिसली नाही, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

लग्नानंतर त्याने त्या पेनाचा फोटो ग्रुपात टाकला. बाबांच्या मुठीतला, अर्धा काचेसारखा लखलखीत आणि अर्धा पांढरट, ओरखडलेला, शाई आणि हळद लागलेला. मागे ओरखडा शोधणाऱ्या त्याच माणसाने विचारलं, हा पालीशच्या आधीचा फोटो आहे का?

नवऱ्याने चष्मा लावला आणि एका बोटाने उत्तर लिहिलं, "नाही. नंतरचा."